चौथ्या थांब्याचं उत्तर

रोज सकाळी चहा झाला की शिक्केवाले जेवणाच्या टेबलावर बायकोचा लॅपटॉप उघडत आणि तासभर बायको होऊन बसत.

ऐकायला हे विचित्र वाटतं, पण करताना त्यांना तसं काही वाटत नसे. बाईंना जाऊन आठ महिने झाले होते. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत भूगोल शिकवायच्या म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि संसाराच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी कधीतरी शिक्केवालेही बाई म्हणायला लागले ते लागलेच. त्यांचं स्वतःचं टोपणनाव नोकरीमुळे पडलं. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन वजनं, तराजू, लिटरची मापं पडताळायची. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची. एकोणतीस वर्षं हेच केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांना येताना पाहिलं की भाजीवाली अजून तागडीची दोरी सरळ करते.

बाईंनी निवृत्तीनंतर खाडीवर एक वाट आखली होती. जिओकॅशिंग म्हणून एक खेळ असतो. कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश साईटवर टाकतो, आणि लोक फोन हातात धरून तो शोधत येतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी जायचं. शिक्केवाल्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, की मग मिळतं काय. बाई म्हणाल्या होत्या, "चिखल."

बाईंच्या वाटेवर डबा एकच होता, तोही अगदी शेवटी. त्याआधी सात थांबे होते आणि तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. जे होतं ते उघड्यावर होतं, फक्त कोणी बघत नव्हतं. पहिल्या थांब्यावर जुन्या धक्क्याच्या भिंतीवर भरतीचं पाणी कुठवर चढतं त्याची खूण शोधायची. दुसऱ्यावर खेकड्यांच्या बिळाबाहेर मातीच्या गोळ्या कशा मांडल्यात ते पाहायचं. तिसऱ्यावर गाळ बोटांत चोळून तो पिठासारखा लागतो की साखरेसारखा ते सांगायचं. चौथ्यावर, जिथे खाडीनं काठ सुरीनं कापावा तसा उभा कापला आहे, तिथे त्या काठातले थर मोजायचे. गाळाचा करडा थर, पुराबरोबर आलेल्या वाळूचा पिवळा, कुजलेल्या गवताचा काळा, शिंपल्यांचा पांढरा, असे एकावर एक. मग पुढचे तीन थांबे. सातही उत्तरं बाईंना पाठवायची. सगळी बरोबर असली की बाई डब्याचा पत्ता कळवत. एखादं चुकलं की पत्ता नाही. पुन्हा जा, पुन्हा बघा.

या साईटचा नियम कडक होता. वाटेच्या पानाचा मालक महिनाभर लोकांना उत्तरं देईनासा झाला की पान बंद होई, आणि मालक वारल्याचं कळलं तर पानाला कायमचं कुलूप लागे. बाई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका शोधणाऱ्याचं पत्र आलं, तेव्हा शिक्केवाल्यांनी हा नियम वाचला. पत्राची सुरुवात होती, 'नमस्कार बाई, कशा आहात?' या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कपाटातून बाईंची उत्तरांची वही काढली, सातही उत्तरं ताडून पाहिली. सगळी बरोबर होती. मग त्यांनी बाईंच्याच एका जुन्या पत्रातलं वाक्य उचललं, 'छान बघितलंत, असंच बघत राहा', आणि खाली डब्याचा पत्ता जोडून पाठवून दिलं. संध्याकाळी तिकडून आलं, 'धन्यवाद बाई. तब्येतीला जपा.'

त्या दिवशी ते नीट जेवले.

तेव्हापासून हे सुरू झालं. बाईंनी चार वर्षांत लोकांना पाठवलेली साडेतीनशे पत्रं होती. शिक्केवाल्यांनी त्यांचे गठ्ठे पाडले. बरोबर उत्तराला द्यायची, चुकलेल्याला द्यायची, अर्धवट उत्तराला द्यायची, लहान मुलांना द्यायची. पत्र आलं की वहीशी ताडायचं आणि त्या त्या गठ्ठ्यातलं वाक्य काढून चिकटवायचं. आपला एक शब्द त्यात मिसळायचा नाही, याबाबत ते फार काटेकोर होते. त्यामुळे आपण खोटं बोलतोय असंही त्यांना वाटत नसे. एकही शब्द त्यांचा नव्हता. सगळे बाईंचे होते.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. रविवारी फोन करायची. तिला त्यांनी हे एकदा बोलता बोलता सांगून टाकलं. ती म्हणाली, की बाबा, हे काही बरं नाही. ते म्हणाले, कुणाचं काय बिघडतंय यानं? ती म्हणाली, अजून तरी कुणाचं नाही. त्यावर तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि यांनीही नाही.

वाटेवर ते स्वतः कधीच गेले नव्हते. बाई गुडघाभर बूट चढवून खाली उतरत आणि हे बांधावरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसत. बाई गेल्यावर तर ते बांधापर्यंतही गेले नव्हते. खाडीचा वास आला तरी ते रस्ता बदलत. वाट त्यांना माहीत होती ती वहीतून, जसा एखाद्याला परका देश नकाशातून माहीत असतो.

चार महिन्यांपूर्वी मोठं उधाण येऊन गेलं. धक्क्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं, तेवढं त्यांनी पेपरात वाचलं. त्यानंतर चौथ्या थांब्याची उत्तरं चुकायला लागली. वहीत होते अकरा थर. लोक पाठवायचे नऊ. एकानं आधी दहा पाठवले, मग पुन्हा मोजून नऊ. शिक्केवाल्यांनी चुकलेल्यांच्या गठ्ठ्यातून वाक्यं काढली. 'पुन्हा एकदा बघा, घाई नको.' 'ओहोटी पूर्ण लागल्यावर जा.' 'खालून वर मोजा, वरून खाली नको.' लोक पुन्हा जात आणि पुन्हा नऊ पाठवत. काही जण कंटाळून सोडून देत.

खरं सांगायचं तर चुकलेली पत्रं त्यांना जास्त आवडायला लागली होती. बरोबर उत्तर आलं की एका पत्रात काम संपे. चुकलेला माणूस पुन्हा लिहायचा. बाई, आज पाऊस होता. बाई, आज एका खेकड्यानं माझा बूट धरला. बाई, तुम्ही म्हणाला तसं खालून मोजलं. अशी पत्रं सकाळी सकाळी आली की घर भरल्यासारखं वाटे.

एका माणसानंतर एक, चौदा जणांना त्यांनी चूक ठरवलं. एखाद्या बाजारात चौदा दुकानांची वजनं सारखीच हलकी निघाली असती तर त्यांनी काय म्हटलं असतं? त्यांनी म्हटलं असतं, सगळ्यांनी मिळून ठरवून केलंय. इथेही त्यांना साधारण तेच वाटलं. हल्लीच्या लोकांना बघायची सवय राहिली नाही, एक जण दुसऱ्याचं उतरवतो. अकरा म्हणजे अकरा. बाईंनी लिहिलंय.

त्या चौदांत एक होती गोगलगाय. साईटवर प्रत्येक जण टोपणनाव घेतो, तसं तिनं हे घेतलं होतं, कारण गुडघे दुखायचे आणि ती हळू चालायची. पत्रं साधी, चुका भरपूर. पहिल्या पत्रात बाकी सहा उत्तरं बरोबर होती, चौथं नऊ. यांनी लिहिलं, पुन्हा बघा. दहा दिवसांनी तिचं पत्र आलं, 'बाई, नऊच दिसतात हो. काय चुकतंय माझं?' यांनी लिहिलं, 'जवळ जा. लांबून पातळ थर दिसत नाहीत. हात लावून मोजा.' हेही बाईंचंच वाक्य होतं, कुणा धडधाकट पोराला लिहिलेलं.

मग तीन आठवडे काही नाही. आणि एका सकाळी एकाच ओळीचं पत्र आलं. 'बाई, अकरा आहेत. माझीच चूक होती.'

शिक्केवाल्यांना मनापासून आनंद झाला. शेवटी एक तरी निघाली नीट बघणारी. बरोबर उत्तरांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं पत्र त्यांनी तिच्यासाठी काढलं. 'शाब्बास. ज्याला पुन्हा जाऊन बघायची लाज वाटत नाही, तोच शिकतो.' आणि डब्याचा पत्ता.

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात पासष्टीच्या आसपासची एक बाई उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात काठी, आणि तीन जिने चढून आल्यामुळे दम लागलेला. बाई आहेत का, असं तिनं विचारलं. मी गोगलगाय म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसली. डबा तिला सापडला होता. डब्याच्या झाकणाच्या आत बाईंनी घरचा पत्ता लिहून ठेवला होता, डबा फुटला-तुटला तर कळवायला. त्यावरून ती आली होती.

"बाई बहिणीकडे गेल्यात," शिक्केवाले म्हणाले.

बाईंना बहीण नव्हती.

मग जरा टेकते, जिना उतरायला अंगात बळ यायला हवं, असं म्हणून ती आत येऊन बसली. त्यांनी चहा ठेवला. तिचं बोलणं धावतं होतं. बसमध्ये कंडक्टर होती म्हणाली, सत्तावीस वर्षं. गर्दीच्या वेळी दोन्ही दारांनी माणसं चढली तरी एका नजरेत सांगायची, आत किती आहेत आणि त्यातले बिनतिकीट किती. ड्रायव्हर पैज लावायचा आणि हरायचा. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, मोजायला काही उरलं नाही, तेव्हा पुतणीनं हा खेळ फोनवर टाकून दिला. बाईंची वाट तिला फार आवडली. या खाडीच्या पुलावरून हजारदा बस गेली असेल, पण खाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

चहा पिऊन झाल्यावर तिनं कप खाली ठेवला आणि जरा वेळ त्या कपाकडेच बघत राहिली.

"बाई नाहीत तेच बरं झालं," ती म्हणाली. "तोंडावर बोलायला जमलं नसतं. तुम्ही सांगा त्यांना. मी खोटं लिहिलं. मला अकरा दिसले नाहीत. तीनदा गेले, तीनदा नऊच दिसले."

शिक्केवाल्यांनी विचारलं, मग अकरा कसं लिहिलंत.

"वाटेवर भेटलेल्या एका पोरानं सांगितलं, पूर्वी ज्यांना पत्ता मिळाला त्यांनी अकरा लिहिलं होतं. मग म्हटलं, असतील. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शिकलेल्या माणसाला अकरा दिसत असतील आणि मला नऊ." ती थांबली. "पण मग बाईंनी शाब्बास म्हटलं. ते काही पचेना."

हाताला काय झालं, असं त्यांनी विचारलं. विचारलं, पण उत्तर ऐकायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती काठाच्या अगदी जवळ गेली होती, बाईंनी हात लावून मोजायला सांगितलं म्हणून. तिथला गाळ मऊ. एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तो काढायला जोर लावला तर दुसराही गेला. आणि पाणी वळलं. भरती धावत येत नाही, ती म्हणाली, चोरपावलांनी येते. बघता बघता कंबरेला लागली. शिंपल्या वेचणाऱ्या बायकांनी आरडाओरडा ऐकला, फळी टाकली आणि ओढून काढलं. त्या ओढाओढीत मनगट मोडलं. बूट दोन्ही तिथेच राहिले. हे सगळं तिनं असं सांगितलं, जसं कुणा तिसऱ्याच माणसाची फजिती सांगावी.

"हाताचं मात्र बाईंना सांगू नका," उठता उठता ती म्हणाली. "उगाच जिवाला लावून घेतील."

शिक्केवाले तिला तीन जिने खाली सोडायला गेले. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटलं, आता सांगावं. रिक्षा थांबवली, तिला आत बसवलं, काठी आत दिली. तिनं आपला पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर लिहून दिला, बाई आल्या की कळवा म्हणाली. रिक्षा गेली. ते कागद हातात धरून फुटपाथवर उभे राहिले, आणि मागून एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा कुठे बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात ओहोटीची वेळ बघून ते खाडीवर गेले. सकाळचे पावणेआठ वाजले होते. बाईंचे बूट घरात होते, पण ते त्यांना होणारे नव्हते. ऑफिसचे जुने काळे बूट घालून ते बांधावरून खाली उतरले. चौथा थांबा शोधायला नकाशा लागला नाही. पाणी ओसरल्यावर वळणावरचा उभा काठ लांबूनच दिसत होता. त्याच्या अलीकडे गाळात एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली होती. शिंपल्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईनं त्यांना हाक मारून सांगितलं, "काका, चिंधीच्या पुढं पाऊल टाकू नका. मागं एक बाई अडकल्या होत्या."

ते चिंधीपाशी थांबले. तिथून काठ पंधरा पावलांवर होता आणि सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. त्यांनी खालून वर मोजलं. करडा, पिवळा, करडा, पांढरा. मग वरून खाली मोजलं. मग कागदावर एकेक रेघ ओढत मोजलं. नोकरीत असतानाही ते तीनदा पडताळल्याशिवाय शिक्का उचलत नसत.

नऊ होते.

काठाच्या पायथ्याशी मातीचा एक मोठा तुकडा पडला होता, गवताची बाजू खाली झालेली. उधाणात वरून सुटला, त्या शिंपलेवालीनं सांगितलं. दर मोठ्या उधाणात थोडा थोडा सुटतोच, पूर्वी तर काठ त्या डांबापर्यंत होता. तिनं जो खांब दाखवला तो आता पाण्यात उभा होता. शिक्केवाल्यांनी त्या पडलेल्या तुकड्याकडे नीट पाहिलं. त्यात दोन थर स्पष्ट दिसत होते, एक पिवळा आणि एक काळपट. काठावरचे सगळ्यात वरचे दोन. म्हणजे सगळ्यात नवे. खालचे, कुणाच्या पणजोबांच्याही आधीचे, जागच्या जागी होते, आणि काल-परवाचे गेले होते. पाणी त्या तुकड्याच्या कडा हळूहळू विरघळवत होतं.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. चौथ्या थांब्यापुढे अकरा लिहिलं होतं. त्याच्याआधी बारा लिहून खोडलेलं होतं आणि त्याच्याही आधी तेरा लिहून खोडलेलं. हे खोडलेले आकडे त्यांनी पूर्वीही पाहिले होते. बाईंची मोजताना गडबड झाली असणार, म्हणून त्यांनी शेवटचा आकडा पक्का धरला होता. प्रत्येक आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात तारीख होती. ती त्यांनी वाचली नव्हती. तेरानंतर सव्वा वर्षानं बारा. बारानंतर दीड वर्षानं अकरा.

शिक्केवाले वही समोर ठेवून बसले. खात्यात त्यांच्याकडे पितळेची प्रमाण वजनं होती, मखमलीच्या पेटीत, चिमट्यानं उचलायची. बाजारातलं प्रत्येक वजन त्यांच्याशी ताडायचं. पण ती वजनंसुद्धा दर दोन वर्षांनी मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जायची, कारण पितळही पुसून पुसून झिजतं. पेटी पोचवायला दर खेपेला ते स्वतः जात. एकदाही चुकले नव्हते. प्रमाणपत्रावर पहिल्यांदा तारीख बघायची, मग बाकीचं, हे त्यांनी हाताखालच्या किती पोरांना शिकवलं होतं.

चौदा माणसं बरोबर होती. त्यांनी चौदाही जणांना चूक ठरवलं, आणि तेही बाईंच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोगलगायीच्या घरी गेले. बस डेपोच्या मागच्या बैठ्या चाळीत तिची खोली होती. एक खाट, भिंतीवर कॅलेंडर, खिडकीत तुळशीएवढी छोटी दोन झाडं, आणि गाड्या मागे घेतानाचा पीं पीं आवाज सतत. तिनं एका हातानं खुर्ची पुढे ओढली आणि बाई आल्या का म्हणून विचारलं.

ते बसले नाहीत.

"बाई नाहीत," ते म्हणाले.

"बहिणीकडेच अजून?"

"बाई जाऊन आठ महिने झाले."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरून कळत होतं की ती मनात मोजतेय. "मला पहिलं पत्र आलं त्याला दोन महिने होतील," ती म्हणाली.

"ते मी लिहिलं. सगळीच मी. शब्द तिचे होते, जुन्या पत्रांतले. थर नऊच आहेत. काल मोजून आलो."

ती खाटेवर बसली. शिक्केवाल्यांना वाटलं होतं, ती ओरडेल. रस्त्यानं येताना त्यांनी त्याची तयारी केली होती, काय ऐकून घ्यायचं आणि कसं उभं राहायचं. तिनं हाताबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"दुसऱ्यांदा जाऊन आले ना, तेव्हा घरी येऊन रडले होते हो मी," ती म्हणाली. "म्हटलं, आता एवढं साधं मोजताही येईना आपल्याला. डोकं गेलं की काय. डोळे तपासून आले."

बाहेर एक बस पीं पीं करत मागे आली आणि थांबली.

का केलंत, असं तिनं विचारलं. त्यांनी साईटचा नियम सांगितला, पानाला कुलूप लागतं तो. मग तेही थांबवून म्हणाले, की लोक कशा आहात विचारायचे. एवढंच सांगता आलं.

मग तिनं विचारलं, "बाईंना हे कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या तुम्हाला?"

शिक्केवाल्यांनी खरोखर विचार केला. "पहिले दोन दिवस काही बोलल्या नसत्या," ते म्हणाले. "मग बोलल्या असत्या."

ती थोडी हसली, मग हसू राहिलं नाही. आपल्यासारखे अजून किती आहेत, तिनं विचारलं. तेरा. त्यातलं कुणी अडकलं-बिडकलं तर नाही ना? ते म्हणाले, मला माहीत नाही. खरंच त्यांना माहीत नव्हतं. जे कंटाळून गप्प झाले असं त्यांनी धरलं होतं, ते कंटाळूनच गप्प झाले की काय, हे कोण सांगणार.

"मग आधी त्यांना कळवा," ती म्हणाली. "माझ्यापाशी कशाला उभे आहात?"

त्याच दुपारी त्यांनी साईटला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, सभ्य आणि थोडक्यात. बाईंच्या जाण्याचं वाईट वाटलं. नियमाप्रमाणे सात दिवसांनी पान कायमचं बंद होईल, तोवर ज्यांना काही कळवायचं असेल त्यांना कळवावं. तुम्हाला हवं असल्यास तुमच्या नावानं नवी वाट आखता येईल. या शेवटच्या वाक्याला शिक्केवाल्यांनी उत्तर दिलं नाही. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रडली, आणि मग म्हणाली, मी येऊ का? ते म्हणाले, ये, पण पत्रं झाल्यावर ये.

सोमवारी सकाळी ते लिहायला बसले. तेरा पत्रं. एकच मजकूर तेरा जणांना चिकटवता आला असता, पण या खेपेला चिकटवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यानं त्यानं स्वतःच्या पायांनी जाऊन मोजलं होतं. ज्याचं त्याला वेगळं लिहायला हवं.

पहिल्या पत्राला सकाळपासून जेवणाची वेळ झाली. दोन बोटांनी टाईप करत, म्हणून नव्हे. 'तुमचं चौथं उत्तर बरोबर होतं' इथवर पटकन झालं. ते चूक कुणी ठरवलं, हेही लिहून झालं. मग बाईंचं लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं, बाई आता नाहीत. हे वाचून कुणाला वाटेल, घरी नाहीत. खोडलं. लिहिलं, बाई गेल्या. कुठे गेल्या? खोडलं. आठ महिन्यांत हे वाक्य त्यांना कधी लिहावं लागलं नव्हतं. दाखल्याचे अर्ज जावयानं भरले होते, नातेवाइकांना लेकीनं कळवलं होतं. शेवटी लिहिलं, माझी पत्नी आठ महिन्यांपूर्वी वारली. वाचून पाहिलं. त्यात काही चूक नव्हती. खाली डब्याचा पत्ता दिला आणि चौथ्या थांब्यावर चिंधीच्या पुढे जाऊ नका म्हणून लिहिलं. आणि आपलं खरं नाव लिहिलं, जे आता त्यांना फक्त पेन्शनच्या कागदावर दिसायचं.

दुपारी दुसरं झालं. एवढंच एका दिवसात. मंगळवारी तीन झाली, बुधवारी चार. उत्तरंही येऊ लागली. कुणी रागानं लिहिलं, आणि त्याचा राग बरोबर होता. कुणी दोनच शब्द लिहिले. एका मुलीनं लिहिलं की या निमित्तानं बाबांबरोबर तीनदा तिथे जाता आलं, तेवढं बरं झालं. अडकलेलं कुणी नव्हतं, निदान ज्यांची उत्तरं आली त्यांच्यात तरी. नमस्कार बाई, असं मात्र आता कुणी लिहीत नव्हतं.

गुरुवारी उरलेली चार घेतली. तेरावं पत्र लिहायला घेतलं तेव्हा बाहेर ऊन होतं आणि गॅसवर दुसऱ्यांदा ठेवलेला चहा उकळत होता. चहा उतू जायच्या आत संपवू म्हणून ते लिहीत गेले. तुमचं उत्तर बरोबर होतं. माझी पत्नी आठ महिन्यांपूर्वी वारली. डब्याचा पत्ता, चिंधी, नाव. उठून गॅस बंद केला. घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती.

ते परत येऊन पडद्यासमोर बसले. ते वाक्य मधे कुठेतरी होतं, बाकीच्या वाक्यांसारखंच. ते लिहिताना हात कुठेही थांबला नव्हता. कधी लिहून झालं, तेही त्यांना कळलं नव्हतं.

मग त्यांनी ते पत्र पुसलं, सबंध, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत, सावकाश.